उष्टा झोका

"ए, प्लॅस्टिकला हात लावायचा न्हाय! उद्घाटनाच्या आधी कुणी ब्लेड लावलं तर गाठ माझ्याशी हाय," सरपंच विजयसिंह टेंपोशेजारी उभे राहून ओरडले. झोका तसाच गुंडाळलेला नव्या खोलीत गेला.

गेणबा गवंड्यानं तो हुकाला अडकवला. खोली त्यानंच बांधली होती आणि हुकही त्याचाच. स्लॅब टाकायच्या आधी सळईच्या जाळीत तो हुक त्यानं स्वतः गुंतवला होता आणि त्याला लोंबकळून दोन हिसके देऊन पाहिले होते. आता झोका टांगून झाल्यावर त्यानं पिशवीतून ओळंबा काढला, दोरी सरळ आहे का पाहिली, मग खाली बसून फळी चारी बाजूंनी जमिनीपासून सारखी आहे का पाहिली. प्लॅस्टिकच्या आत निळी गादी दिसत होती. त्याच्या लेकीला, छकुलीला, निळा रंग आवडायचा.

"तात्या, उद्घाटन कधी म्हणायचं?" त्यानं सरपंचांना विचारलं.

"चेअरमन आले की."

"कधी येत्यात?"

"आरं, अमेरिकेतनं येत्यात ते, भिगवणातनं न्हाय!"

टेंपोवाला हसला, म्हणून गेणबाही हसला.

पतसंस्थेच्या चेअरमनांनी झोका आणि गाद्या आपल्या आईच्या नावानं दिल्या होत्या. दारावर पाटी लागायची होती, 'कै. फुलाबाई स्मृती बालविकास कक्ष'. फुलाबाईची गोष्ट गेणबानं आपल्या आईकडून ऐकली होती. उसाच्या बांधावर बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधून ती आपलं पोर निजवायची, आणि शेजारणीचं रडायला लागलं तर त्यालाही त्याच झोळीत टाकायची. त्या झोळीची फीत कापायला कुणी आलं नव्हतं. आता तिच्या नावाचा झोका गुंडाळून ठेवला होता आणि तिचा लेक तिकडं परदेशात नातवंडं खेळवत होता.

गेणबाची छकुली सहाव्या वर्षात होती. चालायची, पण भिंत धरून. उंबरा आला की आधी खाली बसायची, मग एकेक पाय पलीकडं टाकायची. आई न्हाऊ घालताना डोकं मागं झुकवायला लागली की अख्ख्या आळीला कळायचं आज छकुलीचं न्हाणं आहे. तिला कुणी उचललं की ती डोळे गच्च मिटायची आणि उचलणाऱ्याच्या कॉलरला लोंबायची. गावात डॉक्टर कमी असले तरी निदान करणारे भरपूर. कुणी म्हणालं, पोरगी भित्री हाय. कुणी म्हणालं, मनिषानं, म्हणजे गेणबाच्या बायकोनं, लाडावून ठेवली. एका म्हातारीनं तर तिच्यावरून लिंबू उतरवून तिठ्यावर टाकायला लावलं. लिंबू गाडीखाली चिरडलं, छकुली होती तिथंच राहिली.

शेवटी ते बारामतीला मुलांच्या एका उपचार केंद्रात गेले. तिथल्या माधवी मॅडमनी तिला तपासलं, तिच्याशी खेळल्या आणि मग गेणबाला समोर बसवलं.

"छकुलीचे बाबा, हिला भित्री म्हणू नका. आपल्या कानाच्या अगदी आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते. डोकं कुठं वळलं, आपण वर गेलो की खाली, हे ती मेंदूला कळवते. हिच्या मेंदूला तो निरोप नीट समजत नाही. पाय जमिनीवरून जरा सुटले तरी तिला खोल विहिरीत पडल्यासारखं वाटतं. त्यामुळं चालणं, चढणं, एका जागी बसून लिहिणं, सगळंच अडतं."

गेणबानं विचार केला. "आमचा लेव्हलचा पाईप असतोय बघा पाण्याचा. त्यात बुडबुडा अडाकला की लेव्हल खोटी दावतोय. तसं का?"

मॅडम हसल्या. "अगदी तसंच नाही, पण जवळपास. तुम्ही तो बुडबुडा कसा काढता?"

"हळूहळू पाईप हालवून. हिसका दिला की एकाचे दोन व्हत्यात."

"इथंही हिसका चालत नाही," मॅडम म्हणाल्या.

त्यांच्याकडं जमिनीलगत टांगलेली फळी होती, वर गादी. पहिले कितीतरी दिवस छकुली नुसती तिच्यावर हात ठेवून बसायची. मग पोटावर झोपू लागली, पाय जमिनीवर टेकवून. मॅडम तिच्या शेजारी आडव्या व्हायच्या, तिच्याशी बोलत बोलत फळी इतकी हळू हलवायच्या की हलतेय हे कळू नये. आणि एके दिवशी फळी हलत असताना छकुलीनं डोळे उघडे ठेवले. मनिषा तिथंच पदर तोंडाला लावून रडली. गेणबानं बाहेर जाऊन बिडी पेटवली आणि न ओढताच विझवली.

मग मॅडम म्हणाल्या, तुमच्या भागातली अजून काही मुलं इथं येतात, गावात खोली मिळाली तर मी दर गुरुवारी येईन. गेणबानं सरपंचांना गाठलं. सरपंचांनी जागा दिली, चेअरमनांनी झोका कबूल केला, गेणबानं बांधकाम अंगावर घेतलं. सगळं कसं छान जुळलं. इतकं छान की छकुलीची बारामतीतली वेळ 'आता तुमच्या गावातच सोय झाली' म्हणून दुसऱ्या पोराला दिली गेली. आणि सोय तर प्लॅस्टिकमध्ये होती.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. मॅडमचे फोन यायचे. "उघडलं का?" गेणबा म्हणायचा, "चेअरमन आले की."

जूनमध्ये छकुलीला पहिलीत घालायचं होतं. शाळेच्या बाई मनानं चांगल्या, पण हात वर करणाऱ्या. त्या म्हणाल्या, "गेणबा, पायऱ्या तिच्या तिनं चढायला पाहिजेत. रोज उचलून कोण नेणार? एखाद्या दिवशी पडली तर माझ्यावर येईल. नाहीतर मग ती लांबची, वसतिगृहाची शाळा असते अशा मुलांची, ती बघा."

त्या शाळेतली पोरं दिवाळीला घरी येतात, एवढंच गेणबाला माहीत होतं. मनिषा त्या रात्री जेवली नाही.

खोलीची फरशी अजून पुसून द्यायची होती म्हणून किल्ली गेणबाकडंच होती. एका रविवारी, गाव भिगवणच्या बाजाराला गेलेलं असताना, तो छकुलीला घेऊन आत गेला. दार आतून लावलं. प्लॅस्टिक एका कडेला चिरलं, नीट, पुन्हा चिकटवता येईल असं. मॅडम करायच्या तसा स्वतः जमिनीवर आडवा झाला.

"पप्पा, तू पडशील," छकुली म्हणाली.

"मी खालीच हाय. खाली पडलेला माणूस कुठं पडतुय?"

ती पोटावर झोपली. गेणबाच्या हाताला थापी धरून धरून घट्टे पडलेले, पण फळी त्यानं इतकी हळू हलवली, नवरीच्या बापानं अक्षता टाकताना हात हलवावा तशी. बऱ्याच वेळानं छकुलीच्या पायाची बोटं फरशीवरून उठली. पुन्हा टेकली. पुन्हा उठली आणि वरच राहिली.

"पप्पा, सोडली! मी जमीन सोडली!"

डोळे सताड उघडे होते आणि ती हसत होती.

मग दर रविवारी तेच चालू झालं. होळीच्या सुमाराला छकुली शाळेच्या पहिल्या पायरीवर, भिंत न धरता, एकटी चढली. वर उभी राहून तिनं सगळ्या पटांगणाकडं असं पाहिलं की जणू ते तिनंच विकत घेतलंय.

पाप करणारा पकडला जातो की नाही कोण जाणे, पण गरज असलेला नक्की पकडला जातो. पाटी रंगवायला पेंटर आणला म्हणून सरपंच एका रविवारी दारात आले. दार आतून बंद, आत पोरीचं हसणं. हाक ऐकून गेणबानं दार उघडलं.

"गेण्या! काय केलंस हे? उष्टा केलास झोका!"

"तात्या, पोरीसाठी—"

"आरं, द्येवाला निवद दाखवायच्या आधी ताटात हात घालत्यात व्हय? चेअरमनांना काय तोंड दावू? त्यांच्या आईच्या नावाचा झोका आन् पयला बसला कोण, तर गवंड्याची पोर!"

"प्लॅस्टिक पुन्ना चिकटवतो की."

"किल्ली दे हिकडं."

गेणबानं किल्ली दिली. सरपंच वाईट माणूस नव्हते. रस्ता त्यांनी आणला, पाणी त्यांनी आणलं. फक्त गावात कुठलीही गोष्ट हार घातल्याशिवाय खरी झाली असं त्यांना वाटत नसे. जाता जाता ते थांबले आणि छकुलीकडं पाहू लागले.

"पर बसती की गं चांगली. हसती बी," ते म्हणाले. त्यांच्या डोक्यात काय शिजलं ते तेव्हा गेणबाला कळलं नाही.

उन्हं तापली तेव्हा चेअरमन आले. मंडप पडला. हलगी आली, फटाक्यांची माळ आली, माईकवाला सकाळपासून 'हॅलो, हॅलो' करत होता. सरपंचांनी निरोप धाडला की छकुलीला नवा फ्रॉक घालून आणा, लाभार्थी म्हणून पहिली तिलाच बसवायची.

माधवी मॅडमही आल्या होत्या. त्यांनी मंडप पाहिला, हलगी ऐकली आणि सरपंचांना बाजूला घेतलं. "आज तिला बसवू नका. एवढा आवाज, एवढी गर्दी. शिवाय मध्ये खंड पडलाय."

"मॅडम, फोटोपुरतं वो. उद्यापास्नं तुमचंच हाय की सगळं."

मॅडम गेणबाकडं वळल्या. "तुम्ही तरी नाही म्हणा."

गेणबाच्या मनात होतं नाही म्हणायचं. पण उद्यापासून दार उघडणार होतं, आणि शाळेच्या अजून दोन पायऱ्या राहिल्या होत्या. आज पोर पुढं केली नाही तर सरपंच पुन्हा कुलूप घालतील, ही त्याला भीती होती. त्यानं छकुलीला उचललं आणि स्वतःच्या हातानं फळीवर बसवलं. पोटावर नव्हे. फोटोत तोंड दिसायला पाहिजे म्हणून बसवलं.

"पप्पा, तू खाली झोप," ती म्हणाली.

"हितंच हाय मी."

माणसांच्या रेट्यात तो मागं सरकला. चेअरमनांनी फीत कापली. आईचा हार घातलेला फोटो पाहून त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. "आमच्या आईनं आम्हाला असंच झुलवलं," म्हणत त्यांनी झोक्याला हात लावला आणि ढकलला. छकुलीचं तोंड उघडलं.

"साहेब, आणखी एकदा! जरा वर!" फोटोवाला ओरडला.

चेअरमनांनी आणखी एकदा, जरा वर ढकललं.

ती गादीच्या पलीकडं, फरशीवर पडली. हनुवटी फुटली. हलगीवाले मंडपाबाहेर होते, त्यांना काही दिसलं नाही. ते बराच वेळ वाजवत राहिले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. छकुलीचं तोंड मोठं उघडं होतं आणि खाली छापलं होतं, 'चिमुकलीच्या चेहऱ्यावर फुललं हसू'. सरपंचांनी तो फ्रेम करून ग्रामपंचायतीत लावला.

मॅडम पुढचे काही गुरुवार आल्या. छकुली खोलीचा उंबरा दिसला की जमिनीवर लोळण घ्यायची. घरात खाटेवर झोपायचंही तिनं सोडलं. दुसऱ्या पोरांच्या आया म्हणाल्या, नको गं बाई, तितं पोर पडलं. मॅडम गेणबाला म्हणाल्या, "होईल. पण आता पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागेल." त्यांचा आवाज रागावलेला होता आणि त्या कुणावर रागावल्या आहेत हे गेणबानं विचारलं नाही. पुढं पोरंच येईनात, तेव्हा मॅडमचं येणंही थांबलं. खोलीत शाळेच्या खिचडीच्या तांदळाची पोती आली.

जूनमध्ये मनिषानं छकुलीची पत्र्याची पेटी भरली. सोमवारी तिला त्या लांबच्या शाळेत सोडायचं होतं.

शनिवारी सरपंचांचं बोलावणं आलं. "गेणबा, त्यो झोका नुसता पडून सडतोय. आमच्या व्हरांड्यात टांगून दे. खोलीत पोतीबी नीट बसतील मग."

मनिषा डाळिंबाच्या तोडणीला गेली होती, म्हणून गेणबा छकुलीला बरोबर घेऊन गेला. ती व्हरांड्याच्या कोपऱ्यात फरशीला दोन्ही तळहात टेकून बसली. गेणबानं झोका टांगला. मनात आलं, एक गाठ ढिली सोडावी. नाही सोडली. ओळंबा लावला, फळी चारी बाजूंनी सारखी केली. निळी गादी अजून नवीनच दिसत होती.

सरपंचांच्या सूनबाई तान्हं पोर कडेवर घेऊन बाहेर आल्या. "दादा, एक धक्का देऊन बघा की, कुरकुरतोय का."

गेणबानं धक्का दिला. झोका आवाज न करता गेला, आला, पुन्हा गेला. कोपऱ्यात छकुलीनं डोकं गुडघ्यांत खुपसलं. गेणबा पुढं झाला आणि दोन्ही हातांनी फळी धरून त्यानं झोका थांबवला. पुरता थांबेपर्यंत हात काढला नाही.

"रिकामा झोका हालू दिऊ नये, वैनी," तो म्हणाला. "घरातल्या पोराला बाधतं."

हत्यारं पिशवीत टाकून तो कोपऱ्यात गेला आणि त्यानं छकुलीला उचललं. तिनं त्याची कॉलर धरली आणि डोळे गच्च मिटून घेतले.