माझ्याकडे तर बिल्ड होतंय

खलाशीचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत जायला निघाले होते. खलाशी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. इंटरनेटवर तो या नावाने वावरतो आणि दूरच्या एका बंदरात नोकरी करतो. आमच्यापैकी कोणीच त्याला पाहिलेलं नाही. आई मात्र त्याला घरच्या माणसासारखी रागावते.

"ताई, 'भरती' पुन्हा बिल्ड होत नाहीये," तो म्हणाला. "बाईंना विचारलं तर म्हणतात, माझ्याकडे तर होतंय."

'भरती' ही आईची लायब्ररी. कपाटातली नव्हे, कॉम्प्युटरची. कुठल्या बंदरात कुठल्या दिवशी पाणी कधी आणि किती चढेल याचं गणित ती करते. समुद्रमापन खात्यातून निवृत्त झाल्यावर आईने ती लिहिली आणि सगळ्यांना खुली करून टाकली. कोणीही ती उतरवून घ्यावी आणि आपल्या कॉम्प्युटरवर बिल्ड करावी, म्हणजे माणसाने लिहिलेल्या फाइलींपासून यंत्राला कळणारे तुकडे बनवून ते एकमेकांना जोडावेत. अडलं तर आईला विचारावं. सूचनांच्या पानावर पहिलीच ओळ तिची आहे: आधी साफ करा, मग बिल्ड करा.

असं का, ते तिने मला कॉलेजात असताना समजावलं होतं. एकदा बनवलेला तुकडा कॉम्प्युटर उगाच पुन्हा बनवत बसत नाही, जुनाच वापरतो. त्यामुळे कधी मूळ फाइल नाहीशी झाली तरी तिचा जुना तुकडा फोल्डरमध्ये पडून राहतो, आणि सगळं आलबेल आहे असं वाटतं. "शिळ्याच्या भरवशावर राहायचं नाही," ती म्हणाली होती. "सगळं पुसून टाकायचं आणि मग बघायचं, आपल्याजवळ खरोखर काय काय आहे."

प्रयोगशाळेत उशीर होईल असं कळवून मी आईकडे गेले. ती खिडकीजवळच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती, चष्मा कपाळावर.

"खलाशीने चुगली केली वाटतं," मला बघताच ती म्हणाली. "त्याच्याच मशीनमध्ये काहीतरी घोळ आहे. हे बघ." तिने बटण दाबलं. ओळी सरसर वर गेल्या आणि शेवटी हिरवी ओळ आली: बिल्ड पूर्ण. "आहे काही तक्रार?"

"बाईसाहेबांकडे सगळंच होतं," बाबा स्वयंपाकघरातून ओरडले. "फक्त चहा होत नाही. तो मलाच करावा लागतो."

"तुम्ही दूध उतू घालवू नका म्हणजे झालं," आई म्हणाली.

मी माझ्या लॅपटॉपवर 'भरती'ची नवी प्रत उतरवली आणि बिल्ड केली. लाल ओळ आली. 'झोका' सापडत नाही.

झोका ही 'भरती'मधली सगळ्यात लहान फाइल आणि आईची सगळ्यात लाडकी. चंद्राचा मार्ग आकाशात एका जागी नसतो. तो फार सावकाश, जवळजवळ एकोणीस वर्षांत एकदा, वर-खाली झुलून येतो, आणि त्याच्याबरोबर भरतीची उंची थोडी थोडी बदलत जाते. तो हिशोब झोक्यात होता. खात्यात असताना आईने त्यावर कित्येक वर्षं घालवली होती. मी लहान असताना ती मला बागेतल्या झोपाळ्यावर बसवून चंद्र समजावून सांगायची. नाव तिथूनच आलं.

मी फाइलींचा इतिहास उघडला. कोणी काय बदललं आणि का, ते तिथे उमटत राहतं. झोका आईनेच काढला होता. खलाशीने परत आणला होता. आईने पुन्हा काढला. त्याने पुन्हा आणला. तिने पुन्हा काढला. प्रत्येक वेळी शेजारी तिने तेच कारण लिहिलं होतं: कोणाला कळत नाही ते इथे ठेवायचं नाही.

हा तिचा जुना नियम. अनोळखी लोक सुधारणा म्हणून काहीबाही पाठवायचे, तेव्हा ती त्यांना हेच सुनवायची.

"आई, झोका का काढलास?"

"कुठला झोका?"

मी तिला फाइल दाखवली. तिने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचलं.

"अगं, हेच ते. कोणीतरी घुसडलंय आत. कशासाठी आहे कळेल तर शपथ. खाली एक ओळसुद्धा लिहिलेली नाही, की बाबा रे हे अमक्यासाठी आहे."

"चंद्र झुलतो त्याचा हिशोब आहे, आई."

मी कागदावर चंद्राचा मार्ग काढला आणि तो कसा कलतो ते दाखवलं. ती पुढे वाकली. मधेच तिने माझ्या हातातून पेन घेऊन माझी एक रेघ सुधारली.

"छान आहे गं," ती म्हणाली. "फार सुरेख आहे. कोणी लिहिलंय?"

"तू."

"चल! सकाळी सकाळी आईची थट्टा करतेस होय?" आणि ती मनापासून हसली.

मी झोका परत आणला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेलेला होता.

तिच्या लॅपटॉपवर मात्र जुना तुकडा होताच. तिने साफ करणं सोडून दिलं होतं, म्हणून तिची ओळ रोज हिरवी येत होती.

खलाशीने संध्याकाळी पुन्हा फोन केला. या वेळी तो अडखळत बोलत होता. "ताई, बिल्ड अडतंय हे आपलं नशीब समजा. उद्या त्यांनी नुसता एखादा आकडा बदलला तर बिल्ड गुपचूप होईल आणि पाणी चुकेल. इथे लोक त्या आकड्यांवर गाळातून होड्या बाहेर काढतात." मग तो म्हणाला, "त्यांचा बदल करण्याचा अधिकार काढायला हवा. मी काढू शकत नाही. मालकी त्यांची आहे. आणि खरं सांगू का, जमलं असतं तरी मी केलं नसतं. मला हे सगळं त्यांनीच शिकवलंय."

बाबांना सांगितलं तेव्हा ते भांडी विसळत होते. त्यांनी नळ बंद केला नाही.

"वय झालंय तिचं. विसरतं माणूस. मी नाही का किल्ल्या विसरत?"

"बाबा, किल्ल्या वेगळ्या."

"मला माहीत आहे गं वेगळ्या ते." त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "तुला वाटतं मला दिसत नाही? ती मला एकच गोष्ट चारदा विचारते, मी चारदा नवीन उत्तर देतो. तिला कळू देत नाही मी. सकाळी ती हिरवी ओळ आली की तिचा दिवस बरा जातो. बाकी काय करायचं ते कर, ती ओळ तेवढी काढू नकोस."

आई जरा आडवी झाली होती तेव्हा मी तिच्या लॅपटॉपवर बसले. मालकी खलाशीच्या नावावर केली. आईच्या नावापुढची बदल करण्याच्या अधिकाराची खूण काढली. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की का? मी हो म्हटलं. बाहेर, सगळ्यांसाठी खुल्या प्रतीत, झोका परत आला, बिल्ड सुरळीत झालं. आईची प्रत मात्र मी होती तशीच ठेवली, जुन्या तुकड्यांसकट. ज्या बाईने मला साफ करून बघायला शिकवलं, तिच्या फोल्डरमधलं शिळं मी जपून ठेवलं.

मग काही आठवडे बरे गेले. ती रोज बटण दाबायची, हिरवी ओळ बघायची. "खलाशीचं काय म्हणणं?" असं विचारायची. मी म्हणायचे, "त्याच्याकडेही होतंय." ती म्हणायची, "मी सांगत होतेच."

एका रविवारी मी तिच्या शेजारी भाजी निवडत बसले होते. बाबा बाजारात गेले होते. आई मधेच थांबली आणि म्हणाली, "बऱ्याच दिवसांत साफ करून बघितलं नाही, नाही का?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "राहू दे ना आई. चाललंय की."

"चाललंय म्हणून सोडायचं नसतं, शहाणे."

तिने साफ केलं. बटण दाबलं. लाल ओळ आली.

आई घाबरली नाही. एरर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची, हीसुद्धा तिचीच शिकवण. तिने ओळीवर बोट ठेवून वाचलं. "झोका सापडत नाही." तिने माझ्याकडे बघितलं. किती तरी महिन्यांत तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. "माझा झोका कोणी काढला?"

"मी," मी म्हणाले. "चुकून."

"चुकून! अगं, कळत नसेल तर विचारावं माणसाने. त्याच्यापायी मी अर्धी नोकरी घालवली. लहानपणी तुला सांगितलं होतं ना, झोपाळ्यावर?"

"हो."

"मग? आण परत."

मी इतिहासातून फाइल परत आणली. तिने ती हळूहळू वाचली, कुठे कुठे मान डोलावली, आणि खाली तिच्याच हाताने एक ओळ लिहिली: चंद्र झुलतो त्याचा हिशोब. काढू नये. मग बिल्ड केलं. हिरवी ओळ आली.

"आता पाठवते. तो बिचारा खोळंबला असेल." मी तिचा हात धरायच्या आत तिने बटण दाबलं.

पुन्हा लाल. तिने पुन्हा बोट ठेवलं आणि शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. या खात्याला बदल करण्याचा अधिकार नाही.

बाहेर कोणीतरी गाडी सुरू करत होतं. ती सुरू होईना. आईने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तू काढला नव्हतास झोका," ती म्हणाली. "मी काढला."

मी मानेनेच हो म्हटलं.

"बऱ्याचदा?"

"हो."

"आणि मग तू मला काढलंस."

"हो, आई."

मग तिने माझ्या मांडीवरची परडी ओढून घेतली आणि शेंगा सोलू लागली. "बरोबर केलंस," ती म्हणाली. "मीही तेच केलं असतं." दाणे नीट परडीतच पडत होते. "लिहिलेली ओळ खलाशीला तू पाठव. तुझ्या नावाने."

"तुझ्या नावाने पाठवते."

फाटकाची कडी वाजली. बाबा पिशव्या घेऊन येत होते, कोणाशी तरी मोठ्याने हसत बोलत. आईने झटकन हात पुसले, लॅपटॉप स्वतःकडे वळवला, पाठवतानाची ती लाल ओळ बंद केली आणि पुन्हा नुसतंच बिल्ड केलं. ओळी वर गेल्या. हिरवी ओळ आली.

"यांना सांगू नकोस," ती हळूच म्हणाली. "त्यांना वाटतं, मला कळत नाही."