पांढऱ्या राळेचे डोळे

बाहुलीच्या डोळ्यांवर कसला लेप द्यावा या एका गोष्टीपायी दाक्षायणीनं, म्हणजे मी, चौऱ्याहत्तर सालचा अख्खा उन्हाळा घालवला, असं आमच्या साखर पेठेत अजून म्हणतात. म्हणू देत. ज्यांनी जन्मात एक डोळा घडवला नाही, त्यांच्याशी वाद घालायला मला वेळ नाही.

आमचे आप्पा, पंचाक्षरी मुखवटेवाले, गौरींचे मुखवटे करायचे. त्यांच्या माघारी मी मुखवटे सोडून बाहुल्या करायला लागले, पण डोळ्यांची रीत त्यांचीच ठेवली. खडूची पूड चिंचोक्याच्या खळीत मळायची, वाटाण्याएवढ्या गोळ्या वळायच्या, सावलीत वाळवायच्या, त्यावर बुबुळ रंगवायचं आणि सगळ्यात शेवटी वरून पारदर्शक लेप द्यायचा. लेपाशिवाय डोळा म्हणजे नुसता खडू. लेप बसला की तो ओला दिसतो, आणि ओला दिसला की बघायला लागतो.

आप्पांचा एक नियम होता. लेप ओला असताना त्याच्यासमोर माणूस येऊ द्यायचा नाही. वाळेपर्यंत डोळ्यांचं तोंड भिंतीकडे करायचं आणि मध्ये एक पणती ठेवायची. ‘ओला डोळा पहिलं जे बघंल ते सोडत न्हाय,’ असं ते म्हणायचे. मी मनात हसायची. माणूस आला की धूळ येते, श्वासाची वाफ येते, आणि वाफेनं लाखेचा लेप दुधाळ होतो, एवढाच त्याचा अर्थ असं मला वाटायचं. आप्पांना कुठलीही गोष्ट सरळ सांगायची सवय नव्हती.

चैत्रात नागव्वा आली. अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली, माझ्याच वयाची बाई, पण वाळून कोळ झालेली. पिशवीतून तिनं निळ्या ठिपक्यांचा एक लहान फ्रॉक काढला आणि मांडीवर पसरला. तिची शिवव्वा सहा वर्षांची होऊन दुष्काळात गेली होती. नागव्वा तेव्हा दुष्काळी कामावर, दहा कोसांवर खडी फोडत होती. पोर सासूजवळ. पोर गेली शनिवारी, निरोप पोचून ही धावत आली रविवारी दुपारी, तोवर माती देऊन झाली होती. शेवटचे तीन दिवस पोरगी दाराकडे बघत पडली होती, असं सासूनं सांगितलं. हे सगळं नागव्वानं एका सुरात सांगितलं, बाजारातल्या भाजीबद्दल सांगावं तसं, आणि मग म्हणाली, “तिचे डोळे करा, अक्का. काळे, टपोरे. डाव्या बुबुळात एक तपकिरी ठिपका हुता. तिनं एकदा माज्याकडं बघावं. मग मी जगंन न्हाय तर मरंन, पर झोपंन तरी.”

दोन वर्षं ती बाई धड झोपली नव्हती. मी तिला म्हणायला हवं होतं की मी बाहुल्या करते, माणसं नाही. पण तो फ्रॉक बघून माझी जीभ वळली नाही. आषाढाच्या आत देते म्हणाले.

शरीर आठवड्यात झालं. डोळे अडले. बघणारा डोळा हवा तर लेप पाण्यासारखा हवा, आणि आमच्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पाण्यासारखं काही टिकत नाही. डिंक लावला, तो तिसऱ्या दिवशी तडकला आणि डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यासारखं जाळं पडलं. दुकानातलं तयार वार्निश आणलं, ते आठ दिवसांनीही बोटाला चिकटत होतं. नेलपॉलिश लावून बघितलं, तर खालचा रंगच विरघळला आणि बुबुळ पसरून डोळाभर झालं. कुणी म्हणालं अंड्यातला पांढरा भाग लावा. आमच्या लिंगायतांच्या घरात अंडं आणायचं तर आधी मला बाहेर राहायला जावं लागलं असतं.

प्रत्येक लेपाची एक जोडी करून मी ती खिडकीजवळच्या फळीवर मांडत गेले. तोंडं खिडकीकडे, उजेडात नीट कळावं म्हणून. एका सकाळी बघितलं तर सगळ्या जोड्या वळून दाराकडे बघत होत्या.

मी घाबरले नाही, चिडले. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे चार माग दिवसभर धडधडत असतात, आमच्या मांडणीतली भांडीसुद्धा नाचतात. गोळ्या गोलच, त्या फिरणारच. मी प्रत्येक गोळीखाली मेणाची टिकली दिली आणि डोळे त्यात घट्ट रुतवले. दुसऱ्या दिवशी ते मेणासकट दाराकडे वळले होते. मेण कुठं फाटलं नव्हतं, पीळ मात्र पडला होता. उन्हानं मऊ झालं असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि कामाला लागले.

शेवटी आप्पांचीच लाख घेतली. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तीन हात दिले. तासात वाळली, काचेसारखी चमकली, आणि थोडी सोनेरी झाक आली. आप्पांच्या गौरींचे डोळे असेच असायचे, हळदीच्या मुखवट्यात ते पिवळं तेज किती शोभायचं. मला वाटलं, जमलं. डोळे बाहुलीला बसवले आणि नागव्वाला निरोप धाडला.

ती आली, बाहुली उचलली, डोळ्यांकडे बघितलं आणि बाहुली झटकन खाली ठेवून भिंतीला जाऊन टेकली. तिथूनच म्हणाली, “तुमाला कुनी सांगितलं?” मी विचारलं, काय सांगितलं? “शेवटी तिचे डोळे असेच पिवळे झाले हुते, सासू सांगत हुती. कावीळ हुती तिला. मी सांगितलं न्हवतं तुमाला.”

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. गौरीला शोभतं म्हणून मी मेलेल्या लेकराच्या डोळ्यांत कावीळ भरली होती. इतकी वर्षं मुखवट्यांच्या घरात काढली, पण पिवळ्या डोळ्याचा दुसरा अर्थ मला सुचलाच नाही. मी तिला पाणी दिलं, तिच्यासमोर ते डोळे काढून फळीवर टाकले आणि आणखी महिना मागून घेतला.

जाताना ती दारात थांबली आणि एक गोष्ट सांगून गेली, जी तिनं आधी मुद्दाम लपवली होती. पोर गेल्यावर सासूनं तिचे डोळे मिटवले, ते परत उघडले. पुन्हा मिटवले, पुन्हा उघडले. मग तसंच, उघड्या डोळ्यांनी तिला मातीत बसवलं. आमच्यात बसवूनच पुरतात. त्या मातीखाली ती अजून दाराकडे बघत बसली असेल, असं नागव्वाला रोज वाटायचं.

त्यानंतर फळीकडे बघायचं मी टाळू लागले. पण एका बुधवारी सकाळीच पेठेतली वीज गेली. सगळे माग बंद, इतकी शांतता की शेजारच्या घरातली फोडणी ऐकू येत होती. मला वाटलं, आज खरं-खोटं होऊन जाईल. सगळ्या जोड्या खिडकीकडे तोंड करून ताज्या मेणात बसवल्या, खिडकी लावली, दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि चनबसप्पाच्या रंगाच्या दुकानात गेले.

चनबसप्पा मला लहानपणापासून ओळखणारा, जिभेनं तिखट माणूस. एवढे लेप लावलेस तेवढ्यात सिद्धेश्वराचं देऊळ रंगवून झालं असतं, म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की पिवळं पडणार नाही असं काहीतरी दे. त्यानं डब्याच्या तळातून पांढऱ्या राळेचे खडे काढले. खडीसाखरेसारखे, आरपार दिसणारे. टर्पेंटाइनमध्ये टाक, कापडातून गाळ, म्हणाला. पिवळी पडत नाही, तडकत नाही. एकच खोड, वाळायला अख्खा दिवस घेते.

दुपारी घरी आले, कुलूप काढलं, दार ढकललं. सगळे डोळे माझ्याकडे बघत होते. तडकलेले, चिकट, पसरलेले आणि ते दोन पिवळे. माग बंदच होते. मी उंबऱ्यावर तशीच उभी राहिले, आणि मला कळलं की ते माझ्याकडे बघत नाहीत. मी दारात आले म्हणून मध्ये आले, एवढंच. त्यांना दुसरं कुणी हवं होतं.

तेव्हा मी ठरवलं की आप्पांचा नियम मोडायचा. ओला डोळा पहिलं बघेल ते सोडत नसेल, तर ज्याला बघायचं त्यालाच समोर बसवायचं.

नागव्वा पहाटेच्या गाडीनं आली. तिला न्हायला घातलं, दाराकडे पाठ करून पाटावर बसवलं, समोर चौरंगावर निळ्या ठिपक्यांच्या फ्रॉकमधली बाहुली. दार लावून घेतलं. नव्या डोळ्यांत डावीकडे तपकिरी ठिपका होता. मी राळेचा हात दिला आणि बाजूला सरकले. तिला सांगितलं, वाळेपर्यंत उठायचं नाही.

ती उठली नाही. पाणीसुद्धा मागितलं नाही. मध्येच एकदा कानडीत हळू म्हणाली, “नोड, शिवव्वा.” बघ, शिवव्वा. पलीकडे माग धडधडत होते, फळी हलत होती, पण चौरंगावरची बाहुली ढिम्म होती. दुपार टळत आली तेव्हा लेप किती बसला ते पाहायला मी नागव्वाच्या खांद्यावरून वाकले.

त्या डोळ्यांत नागव्वाचं तोंड दिसायला हवं होतं. मला दिसलं ते दार. माझ्या पाठीमागचं, मी स्वतः कडी लावलेलं दार, त्या डोळ्यांत मात्र सताड उघडं होतं आणि त्यातून ऊन आत येत होतं. त्या उन्हात एक बाई धावत येत होती. पदर खांद्यावरून घसरलेला, हात कोपरापर्यंत खडीच्या धुळीनं पांढरे. मी मागं वळून बघितलं. दार बंद होतं. पुन्हा वाकले तेव्हा बाई आणखी जवळ आली होती. ती येत गेली, मोठी होत गेली, आणि शेवटी त्या दोन वाटाण्याएवढ्या गोळ्यांत नागव्वाच्या तोंडाशिवाय दुसरं काही मावेना. तिथून पळून जावं असं मला फार वाटलं, पण मी हलू शकले नाही.

“बघितलं तिनं,” नागव्वा म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग माझ्याकडे न वळताच तिनं सांगितलं, “आता मिटवा, अक्का.”

खरं सांगते, मला रागच आला. तीन महिने मी जीव आटवून बघणारा डोळा केला होता, तडकणार नाही, पिवळा पडणार नाही, मी मेल्यावरही ओला दिसेल असा. आणि तो झाकायचा? मी तसं बोलूनही दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दोनदा मिटवले तवा मी न्हवते. आता मी हाय.”

मी खडूची पूड घेतली, खळ ओतली, मळली आणि पापण्यांसाठी दोन पातळ पाकळ्या लाटल्या. बोटानं उचलून डोळ्यांवर ठेवायला गेले तर तिनं माझा हात धरला. पाकळ्या स्वतः घेतल्या. आधी उजवा डोळा, मग तपकिरी ठिपक्याचा डावा. दोन्ही अंगठे तिनं वर दाबून धरले आणि पाकळ्या वाळेपर्यंत काढले नाहीत. काढले तेव्हा डोळे मिटलेलेच राहिले.

त्या रात्री ती माझ्याकडेच राहिली. बाहुली कुशीत घेऊन दिवेलागणीला आडवी झाली आणि सकाळी ऊन अंगावर आलं तरी उठेना. मी दोनदा तिच्या नाकाशी बोट धरून बघितलं. ती घोरत होती.

मग मी फळीकडे गेले. पलीकडे माग सुरू झाले होते आणि फळी नेहमीसारखी थरथरत होती. मेण सुटलं होतं. गोळ्या घरंगळून कुठेही पडल्या होत्या, एक छताकडे, एक भिंतीकडे, एक खाली जमिनीवर. ते दोन पिवळे एकमेकांकडे पाठ करून पडले होते. दाराकडे कुणीच बघत नव्हतं. मी त्या सगळ्या ओंजळीत गोळा केल्या, आणि इतके दिवस ज्यांना भीत होते त्या खडूच्या गोळ्या छातीशी धरून नागव्वा जागी होईपर्यंत रडत बसले.