मी लाईन, इंझोरीची

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. नाव माझं लाईन. आणि माझी तक्रार आहे विकासची. हा इंझोरीत पोरांना इंग्रजी शिकवतो, फळ्यावर एक सरळ रेघ ओढतो आणि म्हणतो, ही लाईन. झालं, एवढ्यात मला गुंडाळलं! अरे, तुझ्या पंजोबापासून मी या गावात नांदते आहे.

माझं माहेर इंग्रजी. तिथे मी नामही होते आणि क्रियापदही. पेटीला आतून कापड लावायचं काम सांगायलासुद्धा मीच. पण तिथे मला कुणी बाईही म्हटलं नाही की बुवाही. मराठीत आले आणि बाई झाले, माझ्या लायनी झाल्या. क्रियापदाचं काम मात्र इथे एकटीला जमेना, म्हणून सोबतिणी घेतल्या. लाईन लागते, लाईन लावतात, लाईन मोडतात. शेतात सोयाबीनच्या चार लायनी, मग तुरीची एक. वीज गेली तरी गाव म्हणतं, लाईन गेली. उनाड पोरगा कामाला लागला, की तो लाईनीवर आला. शाळा मी फार पाहिली नाही, पण माझ्यावाचून इथलं पान हलत नाही.

परवा ग्रामपंचायतीत रेशनकार्डासाठी अंगठा लावायचा शेवटचा दिवस होता. मशीन पाच वाजता परत जाणार होती आणि अंगठा राहिला तर यादीतून नाव कटणार, असं सांगितलं होतं. विकासची आजी प्रयागबाई उजाडताच आली. आमच्याकडे म्हातारी माणसं लाईनीत चपला ठेवतात आणि लिंबाखाली बसतात. चपलेचा नंबर तो माणसाचा नंबर. प्रयागबाईची चप्पल चौथी होती.

मदतीला आलेल्या विकासला हा अडाणीपणा वाटला. लाईन माणसांची असते, चपलांची नाही, असं म्हणत त्याने सगळ्या चपला पायाने लोटून कोपऱ्यात ढीग केला. खिडकी उघडली तशी तरणी माणसं पुढे घुसली. म्हातारा प्रेमसिंग धक्के खाऊन मागे पडला, ललिताबाई रडकुंडीला आली. मी तर पार मोडले, मित्रांनो.

प्रयागबाई उठली. ढिगातून एकेक जोड काढून तिने पुन्हा ओळीने मांडला. अंगठ्याचा पट्टा तुटलेला जोड प्रेमसिंगचा, निळा ललिताबाईचा. सकाळपासून ती बघतच तर बसली होती. एकाचाही नंबर चुकला नाही. तरण्यांना तिने नुसत्या नजरेने मागे सारलं. साडेचारला शेवटच्या म्हातारीचाही अंगठा लागला.

मित्रांनो, शब्द पुस्तकातून शिका, नको कोण म्हणतं? पण तो ज्यांच्या तोंडी राबतो, त्यांच्याजवळही घडीभर बसा.

विकास मान खाली घालून उभा होता. प्रयागबाई चप्पल पायात सरकवत त्याला म्हणाली, "उभं राहू राहू ज्याईचे गुडघे गेले, त्याईच्या चपला उभ्या राह्यतात बावा. आन् तू त्या पायानं लोटून राह्यला? पोट्ट्याईले शिकव, मी नाही म्हनत नाही. पन पह्यले प्रेमसिंगभाऊच्या पाया पड, मंग घरी जेवाले ये."