आत मेन स्ट्रीटनं, बाहेर गल्लीनं

आमच्या केसल गावात गाड्या तिरप्या लावतात. मेन स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना नाकं फुटपाथकडे आणि शेपट्या रस्त्याकडे. निघताना सगळ्यांनी अंदाजानं मागे येत बाहेर पडायचं. कोण बँकेत गेलंय, कोण कॅफेत बसलंय, कुणी नवा पिकअप घेतलाय, हे नुसत्या शेपट्या बघून कळतं. आमचे नगराध्यक्ष व्हर्लिन बाउअर नेहमी म्हणायचे, वर्तमानपत्र बंद पडलं तरी चालेल, तिरपं पार्किंग बंद पडता कामा नये.

आणि मी, नगरपालिकेतली सगळ्यांत धाकटी नगरसेविका, नेमकं तेच बंद करायला निघाले होते.

मेन स्ट्रीट आमच्यासाठी मेन स्ट्रीट, पण नॉर्थ डकोटाच्या नकाशात तो महामार्ग. त्यामुळे त्याची डागडुजी राज्याच्या हातात. त्यांनी कळवलं, पुढच्या उन्हाळ्यात रस्ता नव्यानं करून देतो. खाली नवीन गटारं, वर नवं डांबर, ज्येष्ठांच्या केंद्रासमोर रुंद क्रॉसिंग. अट एकच. यापुढे गाड्या फुटपाथला समांतर, एकामागे एक लावायच्या. मान्य नसेल तर राहा आहात तसे, खड्ड्यांसकट.

गावात दुसरा विषय उरला नाही. किराणा दुकानात दुधाच्या फ्रिजपाशी मला डुआन शॉकनी गाठलं. डुआन माझ्या वडिलांच्या वयाचे, नगरपालिकेत वीस वर्षं बसलेले, आणि बहुतेक ठरावांना 'नाही' म्हणून प्रसिद्ध.

"ब्रिटा, तुला गाडी समांतर लावता येते?"

"येते की."

"शहरात शिकलीस ना, म्हणून. इथं कुणाला येत नाही. आणि आर्डिसचं काय करणार आहेस?"

आर्डिसचं काय, हाच सगळ्यांचा हुकमाचा पत्ता होता.

आर्डिस हाउगलँड चौऱ्याऐंशी वर्षांच्या. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे मणके असे सांधलेत की डावीकडे बघायचं तर खांद्यासकट अख्ख्या वळतात. डोळे मात्र शाबूत, परवाना शाबूत. रोज अकराच्या सुमारास त्या आपली सोनेरी गाडी काढतात, तीन मैत्रिणींना आपापल्या दारातून उचलतात आणि ज्येष्ठांच्या केंद्रात जेवायला आणतात. मंगळवारी बटाटा आणि पिठाच्या गोळ्यांचं नेफ्ला सूप असतं, त्या दिवशी तर वादळ असलं तरी. त्या तिघींपैकी एकीलाही आता गाडी चालवता येत नाही. आर्डिस थांबल्या तर चौघीही घरात. घरपोच डबा मिळतो, नाही असं नाही. पण त्या तिघींतल्या एल्डोरानं एकदा तो खाऊन बघितला आणि म्हणाली, "डब्याशी बोलायचं काय?"

समांतर लावायचं तर मागे घेत घेत फटीत शिरावं लागतं. ते आर्डिसना या जन्मात जमणार नव्हतं. तिरप्या जागेत निदान सरळ शिरता यायचं. निघताना त्या गाडी हळूहळू मागे सोडायच्या, आणि सोनेरी शेपटी दिसली की गाव थांबायचं. हे असं ठरूनच गेलं होतं.

पण मला एक गोष्ट माहीत होती जी गावाला माहीत नव्हती.

मार्चमध्ये, रस्त्याकडेला बर्फाचे ढिगारे होते तेव्हा, मी माझ्या तान्ह्या लेकीला, हॅटीला, बाळाच्या ढकलगाडीत घालून केंद्रासमोरून चालले होते. ढिगाऱ्याला वळसा घालायचा म्हणून रस्त्यावर उतरले. शेजारच्या गाडीचे पांढरे दिवे लागले आणि ती मागे यायला लागली. मी ओरडले की नाही, आठवत नाही. ढकलगाडी मागे ओढली तेव्हा तिचं पुढचं चाक त्या गाडीला घासून गेलं. हॅटी झोपेतच होती, ओठांवर दुधाचा बुडबुडा. सोनेरी गाडी शांतपणे वळली आणि निघून गेली. आत चार पांढरी डोकी हसत होती.

मी हे फक्त टॅनरला, माझ्या नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आर्डिसना सांगू नकोस, मरतील त्या." मलाही तेच वाटलं. त्यांनी मला रविवारच्या शाळेत पहिली प्रार्थना शिकवली होती. हॅटीच्या जन्माच्या वेळी त्यांनी विणून दिलेली पिवळी टोपी ती आजही घालते. पण ठराव पुढच्या सोमवारी यायचा होता, मी हात वर करणार होते, आणि कशासाठी ते त्यांना दुसऱ्याकडून कळावं हे काही बरं नव्हतं.

शनिवारी हॅटीला कडेवर घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. त्यांनी कॉफी ओतली, हॅटीच्या हातात लाकडी चमचा दिला.

"बोल पोरी. तोंडावरून दिसतंय, माझ्या विरोधात मत देणार आहेस."

"हो."

"बरं. मग हा केक खा आणि दे."

"आर्डिस, तुम्हाला कारण सांगायचंय." मी सांगितलं. बर्फाचा ढिगारा, दिवे, चाक. लांबवलं नाही, मऊही केलं नाही.

त्या ऐकत होत्या. मान हलवता येत नसल्यामुळे त्यांचा चेहरा नेहमी तुमच्याकडेच असतो, लपवायला जागा नाही. हॅटी चमच्यानं टेबल बडवत होती.

"कुठल्या बाजूनं होतीस?" त्यांनी विचारलं.

"डाव्या."

"डावीकडचं मला काहीच दिसत नाही." त्या म्हणाल्या. मग हात पुढे केले. "दे ती इकडे."

हॅटीला मांडीवर घेऊन त्या बराच वेळ तिच्या केसांवर हनुवटी टेकून बसल्या. मग एकदम त्यांना रागच आला.

"चाळीस सुगीचे हंगाम मी धान्याचा ट्रक चालवला ब्रिटा. पोर तर सोड, कुणाचं कुत्रं कधी चाकाखाली आलं नाही. का माहितीय? मी कधी मागे घेतलाच नाही. मागे घ्यायचं काम माझ्या नवऱ्याचं, हॅरल्डचं. मी आपली शेतातून कोठाराकडे. एका दारानं आत, गहू ओतला, दुसऱ्या दारानं बाहेर. सरळ. तिथं मागे घ्यायला कुणी सांगत नाही, मागे दुसरा ट्रक उभा असतो!"

मी कप खाली ठेवला.

"आर्डिस, केंद्राशेजारची रिकामी जागा."

"लोखंडी सामानाच्या दुकानाची? जळालं ते?"

"ती मेन स्ट्रीटपासून मागच्या गल्लीपर्यंत आरपार आहे."

त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती तर व्हर्लिन गाड्या धुणाऱ्याला विकतोय."

विकत होतेच. जागा नगरपालिकेची, व्यापारी वापरासाठी राखलेली, आणि शेजारच्या तालुक्यातला एक माणूस तिथं गाड्या धुण्याचं केंद्र काढायला तयार होता. दोन वर्षं तिथं पडझड आणि काटेरी गवत बघून कंटाळलेल्या व्हर्लिनना तो देवदूतच वाटत होता.

रविवारी हॅटीला खांद्यावर थोपटत मी राज्याच्या अभियंत्याला, गॅरेटला, फोन लावला. सुट्टीच्या दिवशी त्रास दिल्याबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, "मला जुळी मुलं आहेत, सुट्टी कसली?" मग सगळं ऐकून म्हणाला, "आत जायचं मेन स्ट्रीटवरून, बाहेर पडायचं गल्लीत, आणि एकही गाडी उलटी रस्त्यावर येणार नाही? मग आमची हरकत कसली? नकाशात फुटपाथला उतार काढून ठेवतो."

सोमवारी सभागृहात खुर्च्या पुरल्या नाहीत. केंद्रातली सगळी मंडळी आली होती, काही जण घरून उशी घेऊन. हॅटी माझ्या छातीशी झोळीत. मी ठराव मांडला: राज्याची योजना मान्य करावी. दुकानाची जागा विकू नये. तिचा वापर बदलून तिथं ज्येष्ठांसाठी आरपार वाहनतळ करावा, आत मेन स्ट्रीटनं, बाहेर गल्लीनं.

"अनुमोदन?" व्हर्लिननी विचारलं.

कुणी बोलेना. औषधांच्या दुकानवाली नगरसेविका कोरिन लायर, जिच्यावर माझी भिस्त होती, ती खिडकीकडे बघत होती; गाड्या धुणारा तिचा मावसभाऊ होता. चौथे नगरसेवक, निवृत्त शिक्षक मायलो, आपली पेन्सिल तासत होते. अनुमोदन मिळालं नाही तर ठराव तिथंच मेला, चर्चासुद्धा नाही. 

"मी देतो," डुआन म्हणाले.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"खूश होऊ नका. मी विरोधात बोलणार आहे. पण ठराव मेला तर बोलू कशावर? अनुमोदन."

आणि ते बोलले. पन्नास वर्षं गाव तिरपं उभं आहे, कुणाचं काय बिघडलं? उद्या राज्य म्हणेल, झोपताना डाव्या कुशीवर झोपा. ही पोरगी चांगली आहे, पण गावातल्या आर्डिससारख्या माणसाच्या पोटावर पाय देऊन नवा रस्ता कशाला? टाळ्या पडल्या. कुणीतरी मागून ओरडलं, "ऐक ब्रिटा, ऐक!"

आर्डिस उठल्या. आधी खुर्ची धरून, मग न धरता.

"डुआन, माझ्या पोटाची काळजी तू करू नकोस. तुला मी बायबल शिकवलं, तेव्हापासून तू पुढचं पान न वाचता वाद घालतोस."

हशा झाला. डुआन टोपी काढून हसले.

"आता मी बोलते. मार्चमध्ये मी केंद्रासमोरून गाडी मागे घेतली आणि या पोरीची ढकलगाडी माझ्या गाडीला घासून गेली. मला कळलंसुद्धा नाही. मी सूप किती खारट होतं ते सांगत होते."

 एल्डोरानं हात तोंडावर ठेवला.

"हिनं गावभर केलं नाही. माझ्या टेबलाशी बसून मला सांगितलं. तेव्हा ऐका. तुम्ही तिरपं पार्किंग ठेवलंत, तरी मी तिथं गाडी लावणार नाही. माझं नाव घेऊन ते ठेवू नका. समांतर मला जमत नाही. म्हणजे ती आरपारची जागा, नाहीतर मी किल्ल्या मुलाकडे देते आणि आम्ही चौघी घरी. किल्ल्या द्यायची माझी तयारी आहे. पण इच्छा नाही. बस्स."

त्या बसल्या. मला डोळे पुसायचे होते, पण दोन्ही हात हॅटीखाली होते.

व्हर्लिन घसा खाकरून म्हणाले, "गाड्या धुणाऱ्याचं काय?"

"त्याला गावाबाहेर महामार्गालगतची जागा दाखवा," कोरिन म्हणाली, अजून खिडकीकडेच बघत. "चिखलाच्या गाड्या तिथूनच येतात. मी बोलते त्याच्याशी. माझ्याकडून हो."

मायलो नाही म्हणाले. त्यांना गाडी धुवायला शेजारच्या गावात जायचा कंटाळा आला होता आणि त्यांनी ते लपवलं नाही. माझं हो. राहिले डुआन. ते नाही म्हणाले असते तर दोन विरुद्ध दोन, आणि शेवटचं मत व्हर्लिनचं. व्हर्लिनचं मत काय असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

डुआननी टोपी गुडघ्यावर ठेवली.

"हिवाळ्यात गल्लीतला बर्फ कोण काढतो?"

"नगरपालिका," मी म्हणाले. "सगळ्यांत शेवटी."

"तेच. आत जाशील आणि बाहेर पडायला एप्रिल उजाडेल. ती गल्ली पहिली साफ करायची. मेन स्ट्रीटच्याही आधी. ते ठरावात घाल."

"घातलं."

"मग हो. आणि आर्डिस, सूप खरंच खारट असतं."

पुढच्या ऑगस्टमध्ये रस्ता झाला. दुकानाच्या जागेवर खडी दाबून सहा गाड्या एकामागे एक उभ्या राहतील अशा दोन रांगा आखल्या, मधून एका गाडीपुरती वाट, आणि गल्लीच्या तोंडाशी बाणाची पाटी. पहिल्या मंगळवारी अर्धं गाव बघायला आलं होतं. मी हॅटीला घेऊन केंद्राच्या पायरीवर. आता ती चालायला शिकली होती, माझं बोट धरून.

आर्डिसची सोनेरी गाडी मेन स्ट्रीटवरून वळली, उतारावरून अलगद आत आली, आणि मधल्या वाटेवर थांबली. कारण समोरून, गल्लीच्या बाजूनं, डुआनचा पिकअप आत शिरत होता. गल्लीत त्यांचं गॅरेज, त्यांना जवळचा रस्ता तो.

नाकाला नाक भिडलं. आर्डिसनी काच खाली केली.

"डुआन! बाण वाचता येतो ना?"

"बघितला नाही. तुम्ही जरा मागे घ्या, मी एका मिनिटात निघतो."

"मी मागे घेत नाही," आर्डिस म्हणाल्या, आणि गाडीचं इंजिन बंद केलं. मागच्या सीटवरून एल्डोरानं जेवणाचा रुमाल काढून हलवला.

आर्डिसच्या मागे आता आणखी दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. डुआननी हताशपणे आमच्याकडे पाहिलं. मायलो पायरीवरून हातवारे करायला लागले, डावीकडे, अजून डावीकडे. डुआन अर्धे खिडकीबाहेर लोंबकळत, शिव्या पुटपुटत, सगळी वाट उलटे मागे गेले. गल्लीत पोचेपर्यंत दोनदा थांबले आणि एक कचऱ्याचा डबा आडवा केला.

आर्डिसनी इंजिन सुरू केलं, पुढे आल्या आणि केंद्राच्या बाजूच्या दारासमोर गाडी लावली. सरळ.