शिशाच्या एप्रनची घडी

मी एक जुना एप्रन आहे, मित्रांनो. स्वयंपाकघरातला नव्हे हं! माझ्या पोटात शिशाचा थर आहे. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये, एका हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरात माझं उमेदीचं आयुष्य गेलं.

सुवर्णामावशी तिथली नर्स, माझी पहिली मालकीण. मणक्यात स्क्रू बसवायचा म्हणजे डॉक्टर पुन्हापुन्हा एक्स-रे घेत. ते न दिसणारे किरण मी अंगावर झेलायचो. माझ्या वजनाने मावशीचे खांदे भरून येत, पण मला कुणी नावं ठेवलेली तिला खपत नसे. निवृत्त होताना तिने मला नव्या नर्सच्या, उपासनाच्या, हाती सोपवलं.

मग रोबॉट आला. स्क्रू कुठून न्यायचा हे तो आधीच्या स्कॅनवरून दाखवतो, त्यामुळे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे बरेच कमी लागू लागले. सगळे खूश, मी मात्र जरा फुरंगटलो. त्याला जागा हवी म्हणून आम्हा एप्रनांना टांगायचं स्टँडसुद्धा बाहेर गेलं! उपासनाला माझी दया आली. मावशीची आठवण म्हणून तिने मला पुसलं, ठेवणीतल्या साडीसारखी माझी चौपदरी घडी केली आणि स्वतःच्या लॉकरमध्ये ठेवलं. आमची घडी करायची नसते, हे तिला शिकवलेलं होतं. मायेच्या भरात ती विसरली. दोन वर्षांत त्या घडीवर माझ्या आतल्या शिशाला तडा गेला. वरून मी धडधाकट दिसत होतो.

गेल्या जानेवारीत उपासनाला पाचवा महिना होता. एका ऑपरेशनमध्ये रोबॉट मध्येच बंद पडला आणि डॉक्टरांनी जुन्या पद्धतीने काम पुरं करायचं ठरवलं. म्हणजे पुन्हा एक्स-रेवर एक्स-रे! उपासनाने धावत येऊन मला अंगावर चढवलं. तडा नेमका तिच्या पोटावर आला. मी भीतीने गारठलो, पण सांगणार कसा?

"वेट, उपासना!" एक्स-रे काढणारे श्रीरामकाका म्हणाले. "यावर या वर्षीचं चेकिंगचं स्टिकर कुठंय?"

"काका, हा लॉकरमध्येच होता, एकदम सेफ आहे. मावशीचा आहे."

"असू दे गं. चेक केल्याशिवाय नाही. हा दुसरा घाल."

ऑपरेशन आटोपल्यावर काकांनी मलाच एक्स-रेखाली ठेवलं. पडद्यावर लांबच लांब रेघ उमटली. ती बघून उपासनाला रडू कोसळलं.

"तू वेळेवर चेंज केलास ना? मग रडतेस काय?" काका म्हणाले. "आता हा टाकायचा."

"टाकवत नाही हो, काका."

काकांनी सरळ मावशीला फोन लावला.

"अगं वेडे," मावशी म्हणाली, "मी तो तुला जपायला दिला होता. तू त्यालाच जपत बसलीस?"

मित्रांनो, जुनी शिशाची सामग्री नेणारी गाडी उद्या मला घेऊन जाईल. आम्हाला टांगून ठेवा, दरवर्षी तपासा आणि तडा गेला की कितीही जीव जडला असला तरी निरोप द्या. मला अंगावर घेतलं की आजवर मी फुशारून जायचो. त्या दिवशी उपासनाने मला अंगावरून उतरवलं, तेव्हा मात्र माझा जीव भांड्यात पडला.