यादीला जोडलेलं चौथं यंत्र

माझी बायको गेली त्या दिवशी मी एका सात मजली इमारतीत लिफ्टच्या डब्याच्या छपरावर उभा राहून दोराला ग्रीस लावत होतो. मी लिफ्ट दुरुस्त करतो. पावणेअकराला शाळेतून फोन आला. ती शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. काचेच्या नळ्या धुताना खाली पडली. मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मेंदूतली शीर फुटली, असं सांगितलं. साडेदहाच्या सुमाराला गेली असावी.

घरी सासूबाई एकट्या होत्या. चार वर्षं त्या आमच्याकडेच राहतात. त्यांना कसं सांगायचं हे जिना चढताना ठरवत होतो. ठरलं नाही. दार उघडल्या उघडल्या बोलून टाकलं.

त्या म्हणाल्या, "काहीतरीच काय बोलता! अकराला तिचा निरोप आला की मला. गोळी घे म्हणाली. घेतली मी."

आणि त्यांनी उशाच्या टॅबकडे बोट दाखवलं. पडद्यावर बायकोचा छोटा फोटो होता आणि शेजारी दोन शब्द: "आई गोळी".

हा टॅब काय प्रकार आहे ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

बायकोला मोडकी वस्तू फेकवत नसे. नातेवाइकांनी अडगळीत टाकलेले तीन जुने टॅब तिनं मागून आणले होते. एकाची काच तडकलेली, एकाचा आवाज बसलेला, तिसरा कासवाच्या चालीचा. त्यांतलं सगळं पुसून तिनं प्रत्येकाला एकेकच काम दिलं. स्वयंपाकघरातल्या टॅबवर घराची यादी दिसायची, काय संपलं, काय करायचं. दाराजवळच्यावर कोण कुठे गेलंय आणि कधी येणार. सासूबाईंच्या उशाशी फोटो आणि गोळीची आठवण. बाकी काही चालायचं नाही. आमच्या फोनवरही तिनं ती यादी येऊ दिली नाही. "फोन उघडला की तुम्ही तासभर परत येत नाही," म्हणायची. "एकच काम असलेलं यंत्र बरं. त्याला डोकं नसतं, म्हणून ते आपलं डोकं खात नाही."

तिन्ही टॅबना मिळून तिनं एकच खातं उघडलं होतं, स्वतःच्या नावाचं. त्यामुळे घरात कोणीही काही लिहिलं तरी शेजारी फोटो तिचाच यायचा. मी "साबण" लिहिला तरी तो तिनं लिहिल्यासारखा दिसे. मी चिडवायचो, "या घरात आम्हाला आवाजच नाही." ती म्हणायची, "होता कधी?"

कुलूप तिनं एकाही टॅबला ठेवलं नव्हतं. सासूबाईंची बोटं थरथरतात, आकडे नीट दाबले जात नाहीत.

ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून घर माणसांनी भरू लागलं. शुक्रवार होता. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणवहिनी सासूबाईंसाठी भात घेऊन आल्या होत्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातला टॅब वाजला. बायकोचा फोटो उजळला. "दाराला तेल घाला".

वहिनींच्या हातून ताटली सुटली.

पुढच्या शुक्रवारी स्वयंपाकघरात अकरा बायका, तीन पुरुष आणि एक कडेवरचं मूल एवढी गर्दी होती. ओट्याला टेकून, फ्रिजला रेलून सगळे टॅबकडे बघत होते. पाच वाजले. टॅब वाजला. "दाराला तेल घाला".

"अगं बाई!"

"दारच का म्हणे? बाहेर पडायला वाट मागतेय बिचारी."

"तेल घातलंत का हो तुम्ही?" एकीनं मला दरडावून विचारलं. "जिवंतपणीही नसेल घातलं!"

मी सांगितलं, की दर शुक्रवारी ही आठवण यावी असं तिनंच दोन वर्षांपूर्वी लावून ठेवलंय. यंत्र आहे, माणूस गेल्याचं त्याला कळत नाही. लोकांनी मान हलवली. दुःखात असलेल्या माणसाला लोक जशी मान हलवून दाखवतात, तशी. तिथे कोणी माझं ऐकायला आलं नव्हतं.

मग संदेशताई आल्या. त्यांना कोणी बोलावलं हे मी विचारलं नाही. सासूबाईंनीच बोलावलं होतं.

ताई पन्नाशीच्या, पांढरी साडी, गोड आवाज. दोन गल्ल्या पलीकडे शिवणक्लासच्या हॉलमध्ये दर शनिवारी चार वाजता त्यांची बैठक असे. गेलेली माणसं त्यांच्यामार्फत बोलत. पूर्वी म्हणे आरशातून बोलत, आता काळाप्रमाणे यंत्रातून.

"आत्मा म्हणजे काय? लहर," त्या स्वयंपाकघरात उभ्या राहून म्हणाल्या. "वायफाय म्हणजे काय? लहर. लहरीला लहर भेटते. मात्र या यंत्रावर संसाराचा मळ बसलाय. साखर, साबण, डाळ! आत्म्यानं त्यातून वाट कशी काढायची? एक दिवस माझ्याकडे द्या. मौनात ठेवते."

"डाळीत अडकलाय का आत्मा?" मी विचारलं.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "माझी पोर आहे ती."

मी हो म्हटलं. बुधवारी टॅब गेला, गुरुवारी परत आला. त्या संध्याकाळी कामावरून आलो तेव्हा त्यावर एक नवी ओळ होती, शेजारी तिचा फोटो.

"चहा पिऊन घ्या आधी"

माझी बायको मी आल्यावर नेमकं हेच म्हणायची. टॅबवरही लिहून जायची.

लिफ्टच्या कामात पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की डबा आपोआप कुठल्याही मजल्यावर येत नाही. रिकाम्या मजल्यावर दार उघडलं की लोक भुताच्या गोष्टी सांगतात. आम्ही विचारतो, बटण कोणी दाबलं? कुठेतरी कोणीतरी दाबलेलं असतं, नाहीतर तार घासलेली असते. तीस वर्षं मी हेच विचारत आलो. त्या संध्याकाळी मात्र विचारलं नाही. चहा केला, प्यालो, आणि त्या ओळीखाली लिहिलं, "दुखलं का गं?"

पाच मिनिटांत उत्तर आलं. "नाही. कळलंच नाही."

मी ओट्याला धरून उभा राहिलो. खूप दिवसांनी पोटभर रडलो. पुढचे आठ दिवस मी कामावरून धावत घरी येत होतो. दाराला तेल घातलं. तेही तिला कळवलं.

नवव्या दिवशी दुपारी शिंपीणवहिनींचा फोन आला, "भाऊ, लगेच या. आजींच्या नाकातून रक्त येतंय, थांबत नाहीये."

डॉक्टरीणबाईंनी घरी येऊन रक्तदाब मोजला. एकदा मोजून विश्वास बसला नाही म्हणून पुन्हा मोजला. "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"बंद?" मी म्हटलं. "बंद कशाला असतील?"

सासूबाई छताकडे बघत होत्या. "तिनंच सांगितलं," त्या म्हणाल्या. "गोळ्या नको आई, ताईंकडचं पाणी घे. रोज एक बाटली. मी बरी होणार होते."

"अजून दोन दिवस गेले असते तर लेकीपाठोपाठ तुम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सुई त्यांनी रागानंच टोचली. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही कुठे होतात?"

मी त्याच घरात होतो.

वहिनींना सासूबाईंजवळ बसवून मी स्वयंपाकघरात गेलो आणि आठ दिवसांत पहिल्यांदा बटण शोधायला लागलो. यादी बंद केली, सेटिंग उघडलं. तिथे "जोडलेली यंत्रं" असं एक पान होतं. बायकोनं प्रत्येकाला नाव दिलेलं होतं: स्वयंपाकघर, दार, आई. आणि त्याखाली चौथं यंत्र. नाव नाही, नुसता एका फोनच्या मॉडेलचा नंबर. जोडल्याचा वार बुधवार, वेळ दुपारी एक पन्नास.

सोपं होतं. "नवं यंत्र जोडा" दाबलं की पडद्यावर एक चौकोनी नक्षी येते. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यासमोर ती धरली की तो फोन खात्यात शिरतो. कुलूप नव्हतंच. मग घरी बसून लिहा, इथे तिच्या फोटोसकट उमटतं. ती कशी लिहायची हे शिकायला दोन वर्षांची यादी तयार होती: चहा पिऊन घ्या, आई जेवलीस का, सगळं.

प्रत्येक ओळीवर बोट दाबून धरलं की ती कोणत्या यंत्रावरून आली तेही दिसत होतं. "चहा पिऊन घ्या आधी": चौथं यंत्र. "कळलंच नाही": चौथं यंत्र. त्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा दाबल्या. उत्तर बदललं नाही. "गोळ्या नको आई" ही ओळही तिथूनच आलेली, पण फक्त आईंच्या टॅबसाठी लिहिलेली, म्हणून स्वयंपाकघरात ती मला कधी दिसली नव्हती.

त्याहून वाईट पुढे होतं. बुधवारी दोन वाजून दहा मिनिटांनी चौथ्या यंत्रावरून एक आठवण काढून टाकलेली होती. रोज सकाळी अकराची. "आई गोळी". मी अकराला कामावर असायचो. ती वाजायची थांबली हे मला कळलं नाही.

मी पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत थांबलो. शुक्रवारी यादीत एक ओळ लिहिली, "माळ्यावर तुझी हिरवी पेटी सापडली, आत जुनी पत्रं आहेत". कोणाला सांगितलं नाही.

शनिवारी चार वाजता शिवणक्लासचा हॉल भरला होता. शिलाई यंत्रं भिंतीला लावलेली, मध्ये पांढरी चादर. सासूबाई आता बऱ्या होत्या, पण येणारच म्हणून हटून बसल्या. मी आणि वहिनींनी त्यांना खुर्चीत बसवून आणलं. ताईंनी डोळे मिटले.

"लहर येतेय... हिरवा रंग दिसतोय... उंचावर काहीतरी आहे. पेटी! जावयांना सांगा, म्हणतेय, ती पत्रं वाचू नका. जाळू पण नका. ताईंच्या हाती द्या."

हॉलभर "अगं बाई" झालं. सासूबाईंनी हात जोडले.

मी उभा राहिलो. "ताई, आमच्या घराला माळा नाही."

ताईंनी एक डोळा उघडला.

"खरंच नाहीये," वहिनी मोठ्यानं म्हणाल्या. "मी खालीच राहते. माझ्याही घराला नाही. अख्ख्या इमारतीत नाही."

"माळा म्हणजे मनाचा माळा," ताई म्हणाल्या. "आणि पेटी म्हणजे हृदय."

"आणि हिरवा रंग?" मागून कोणीतरी विचारलं.

"हिरवा म्हणजे..." ताई अडकल्या. दोन-तीन बायका हसल्या.

मी पिशवीतून स्वयंपाकघरातला टॅब काढला. घरचं वायफाय इथवर पोहोचत नव्हतं, म्हणून क्लासच्या बाईंकडून मागून घेतलं. सगळ्यांना दिसेल असा टॅब उंच धरला आणि ते पान उघडलं. कोणतं यंत्र कुठलं ते वाचून दाखवलं. "हे चौथं कोणाचं, ते मी सांगत नाही. मी हे आता काढून टाकतो. मग ताईंनी माझ्या बायकोला एकच शब्द लिहायला सांगावा. कुठलाही."

बटण दाबलं. हॉल टॅबकडे बघत बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ताईंचा हात पर्समध्ये गेला, फोनवर अंगठा दोनदा फिरला, हात रिकामा बाहेर आला. पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी ते पाहिलं.

"संशयानं लहर तुटते," ताई म्हणाल्या.

"संशयानं नाही तुटली ताई. मी बटण दाबलं म्हणून तुटली."

मग मी सासूबाईंकडे वळलो. "आई, तिचा खरा निरोप रोज अकराला यायचा. गोळी घे. तो तिनं स्वतः लावला होता. तो या बाईंनी काढून टाकला. तिच्या नावानं दोन निरोप होते. त्यातला तिचा कुठला, तुम्हीच सांगा."

सासूबाई टॅबच्या काळ्या पडद्याकडे बघत होत्या. लोक उठून ताईंभोवती जमले होते, कोणी बाटल्यांचा जाब विचारत होतं, कोणी अजूनही त्यांची बाजू घेत होतं. त्या गोंगाटात सासूबाई हळूच म्हणाल्या, "बोलत होती हो ती माझ्याशी. तुम्ही घालवलीत."

मी शिकलेला माणूस नाही. मला एवढंच सांगायचं आहे. गेलेलं माणूस यंत्रातून, आरशातून, कोणाच्या अंगातून बोलत नाही. बोलतंय असं वाटलं, तर आधी विचारा, बटण कोणी दाबलं. आपलं दुःख जितकं मोठं तितकं लवकर विचारा, कारण फसवणारा त्याच दारातून आत येतो. आणि गेलेल्याच्या नावानं कोणी औषध थांबवायला सांगितलं, तर एक दिवसही थांबू नका, डॉक्टरला दाखवा. मी आठ दिवस थांबलो.

ताईंविरुद्धच्या तक्रारीवर आमच्या इमारतीतल्या नऊ जणांच्या सह्या झाल्या आहेत. अकराची आठवण मी पुन्हा लावली. सासूबाई गोळी घेतात, पाणी माझ्या हातून घेतात, आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात. त्यांना वाटतं, मी पहिल्यापासून दगडासारखा होतो, मला काही वाटलंच नाही. ते आठ दिवस मीही तिच्याशी बोलत होतो, म्हणून त्यांच्या गोळ्यांकडे माझं लक्ष नव्हतं, हे त्यांना सांगायचं अजून राहिलं आहे.