आतल्या खोलीतला उजेड

कॅमेऱ्याचं खोकं उघडलं आणि प्रभुलिंगचं तोंड उतरलं. "एवढाच व्हय? ह्ये तर चहापत्तीच्या डब्याएवढं हाय, नाग्या."

बिदरजवळच्या नौबादच्या मोठ्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ. दुकान प्रभुलिंगच्या वडिलांचं, गुरुशांतप्पांचं. कॅमेऱ्यामागचा डोळा मात्र नागेशचा. दोघं औरादकडच्या एकाच गावचे. लग्नं, साखरपुडे, जावळं शूट करून करून दोघांच्या केसांत पांढरं आलं होतं, तरी खूळ काही जात नव्हतं. त्यांना सिनेमा करायचा होता. गोष्ट नागेशची, पैसा अप्पांचा. आजवर गाडं अडलं होतं ते कॅमेऱ्यावर, कारण सिनेमाचा कॅमेरा म्हणजे हैदराबादहून भाड्याने आणायचा आणि त्याच्या भाड्यातच घर बुडायचं. आता हा नवीन छोटा निघाला होता, मोठ्याचं काम करणारा आणि आपल्यासारख्याला परवडणारा. एका व्यापाऱ्याने ओळखीवर चार दिवस वापरून बघायला दिला होता. अप्पांनी सांगून ठेवलं होतं, आधी दाखवा, मग बोला.

तोलायचं खरं, पण तोलणाऱ्यांची मापं वेगळी. प्रभुलिंग हाडाचा दुकानदार. तो म्हणाला, "लग्नात कॅमेरा दिसला पाहिजे, बाबा. नवरदेवाच्या मामाला वाटलं पाहिजे, पैसा वसूल झाला. ह्ये खेळणं हातात बघून कोण बयाना देईल?" बॅटरी भसाभसा पितो, लेन्स वेगळी घ्यावी लागते, अशा त्याच्या कुरकुरी चालूच होत्या. बिदरचं ऊन ह्याला झेपणार नाही म्हणून त्याने भर दुपारी कॅमेरा गच्चीवर ठेवला आणि तो बंद पडायची वाट बघत स्वतः जिन्यात सावलीला बसला. कॅमेरा काही बंद पडला नाही. प्रभुलिंगच घामाघूम होऊन खाली आला आणि मान्य केलं की यंत्र चिवट आहे.

नागेशला मात्र एकच बघायचं होतं. ह्याला अंधार दिसतो का?

कारण त्याची गोष्टच अंधाऱ्या खोलीतली होती, त्याच्या आईची. सुमनबाई म्हणजे त्या गावची सुईण. आता थकली, पण अर्धं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं. एरवी जिला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नसतं, तिला कळा सुरू झाल्या की हात धरून पार आतल्या खोलीत नेत. बाळ रडलं की ती पुन्हा वसरीवर. बौद्ध होऊन पिढी उलटली तरी गावाच्या हिशेबात फरक पडला नव्हता. हे नागेशला मायच्याच तोंडून, तिच्याच चेहऱ्यावर दाखवायचं होतं. दुकानातल्या कॅमेऱ्याने तशा खोलीत एक तर काळंकुट्ट यायचं, नाहीतर चित्रभर ठिपक्यांच्या मुंग्या.

शिवाय दुकानाची एक रीत होती. नागेशने एडिटिंगच्या कॉम्प्युटरवर चेहरे उजळायची एक सेटिंग बसवून ठेवली होती. तिला सगळे दूध म्हणत. "नवरीला जरा दूध मार, नागेशअण्णा," की मारलं. हे दूध पार जनवाड्यापर्यंत गाजलं होतं. तिथल्या एका लग्नात तर नवरीच्या मावशीने हळदीलाच बजावलं होतं, बाकीचं राहू दे, दूध विसरू नको. नागेशही मग विचारायचा नाही. काळंसावळं माणूस दिसलं की बोट आपोआप चालायचं. ज्याची त्याला आवड, असं म्हणून तो मोकळा व्हायचा.

दुसऱ्या दिवशी त्याने कॅमेरा पिशवीत टाकला आणि एकटाच गावी गेला. आईला आतल्या खोलीत बसवलं, खिडकी लावून घेतली, कोनाड्यात चिमणी पेटवली.

"माय, प्रभुअण्णाच्या वेळचं सांग."

"त्यो पायाळू," सुमनबाई म्हणाली. "पाय आधी आले. त्याची आज्जी देवापुढं जाऊन बसली. लिंगम्माअक्का माझा हात सोडंना. म्या म्हनलं, अक्का, दम धर, ह्ये आडमुठं हाय पर निघंल." ती थोडी हसली. "निघालं. न्हाऊन-माखून दिलं, मंग वसरीवर येऊन बसले. मला च्या दिला. माझी कपबशी खिडकीत येगळी ठिवलेली असायची. तीच काढून दिली."

हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस पडला, भात केला, तसं तिने सांगितलं.

नागेश छोट्या पडद्यावर बघत होता. खोली दिसत होती, खोलीतला अंधारही दिसत होता आणि मधोमध त्याची माय होती, जशी आहे तशी. कपाळ काळं, गाल तांबूस काळे, डोळ्यांखाली जांभळट. इतकी वर्षं माणसांचे चेहरे विकून खाल्ले, पण आईचा चेहरा आपण आज पहिल्यांदा बघतोय, असं त्याला वाटलं. तो सुखावला, अगदी मनापासून सुखावला.

"माय, लई भारी दिसायलीस."

सुमनबाईने त्याच्याकडे जरा रोखून बघितलं. "व्हय का," एवढंच म्हणाली आणि चिमणी विझवायला उठली. दाखव म्हणाली नाही.

संध्याकाळी नौबादला, गुरुशांतप्पांच्या घरी मोठ्या टीव्हीवर ते लावलं. अप्पा विभूती लावून सोफ्यावर बसले. प्रभुलिंगची आई लिंगम्मा स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली आणि चेहरा आला तशी पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"सुमनच ही. हिनंच वाचवलं तुला, प्रभू. मला बी."

संपलं तसा अप्पांनी टीव्ही बंद करायला सांगितला. मग म्हणाले, "चित्र बेस हाय. अंधारातलं बी समदं दिसायलंय. घ्या कॅमेरा."

नागेशने प्रभुलिंगकडे बघितलं. इतक्या वर्षांचं गाडं एका वाक्यात हललं होतं.

"पण ही बाई न्हाई चालायची," अप्पा म्हणाले. "आमच्यात भेद न्हाई बघ, नागेशा. बसवण्णांनी शिकवलं ते आम्ही पाळतो. म्या पब्लिकचं बोलायलोय. एवढं काळं तोंड लोकं दोन तास बघतील का? कलबुर्गीला नाटकात काम करणाऱ्या चांगल्या पोरी हायत. एखादी उजळ बघा आन् थोडी सावळी रंगवा. आन् ते कपबशीचं काढा. झालं गेलं, कशाला उकरायचं?"

वाहवा. काळ्या बाईची गोष्ट, तिला गोरी पोरगी शोधायची आणि मग तिला काळं फासायचं. ह्याला म्हणतात अक्कल. पण पैसा ज्याचा, अक्कलही त्याचीच चालते.

प्रभुलिंग मधे पडला. मनाने तो वाईट नव्हता. "न्हाईतर काकूच राहू द्या, अप्पा. नाग्या दूध मारील जरा. कळणार बी न्हाई."

नागेशच्या डोक्यात सणक गेली. "मायला इचारू. गोष्ट तिची हाय. ती म्हणाली हाय तशीच दाखवा, तर तसंच दाखवायचं. कपबशीसकट."

अप्पा लिंगम्माकडे बघून म्हणाले, "इचार. ती म्हणाली तर म्या आडवा येणार न्हाई."

नागेशने मायची दोन चित्रं मोबाईलमध्ये घेतली, एक जशीच्या तशी, एक दूध मारलेली. दूध मारताना त्याला स्वतःचीच किळस आली. पण मनात धास्ती नव्हती. ज्या बाईने कुणाच्या बापाला न भिता पायाळू पोरं ओढून काढली, ती ह्यांना काय जुमानते. तोंडावर सुनावील, असं घोकत तो सकाळीच गावी पोचला.

सुमनबाई दारात तूर पाखडत होती. त्याने कालचं सगळं सांगितलं, अप्पांचं बोलणंही गाळलं नाही, आणि मोबाईल पुढे धरला. तिने हात पदराला पुसले. पहिलं चित्र नीट बघितलं, मग दुसरं. दुसऱ्यावर बोट ठेवलं.

"ही ठिव."

"कामून, माय? ह्यात तू न्हाईस."

"मंग त्या भिंतीवर कोन हाय?"

आतल्या भिंतीवर नागेशच्या लग्नाचा मोठा फोटो होता. त्यात नवरा-नवरीशेजारी सुमनबाई उभी होती, दुधासारखी गोरी. शेजारी नातवाच्या जावळाचा फोटो. त्यातही तशीच.

"लगनाचा फोटो आणलास तवा म्या सुनंला इचारलं, ही कोन गं? ती हसली. म्या गप बसले. म्हनलं, पोरगं शहरात ऱ्हातंय, चार लोकं घरी येत्यात. लाज वाटत आसंल माझी."

"लाज न्हाई गं. धंद्याची सवय हाय ती. हात आपोआप चालतो."

"सवयच," सुमनबाई म्हणाली. तिने सूप पुन्हा हातात घेतलं. "लिंगम्माअक्का माझ्या गळ्यात पडून रडायची. आन् रडत रडतच खिडकीतली कपबशी काढायची. तिला तरी कुठं लाज होती माझी? हात चालायचा. तू काय येगळं केलंस?"

नागेशने मोबाईल खिशात घातला.

"आता सिनेमासाठी काळी पायजे झाले मी. उद्या गोरी पायजे होईन. मला न्हाई बसायचं त्या कॅमेऱ्यापुढं. ती उजळ पोरगीच घे. पायाळू पोर कसं फिरवायचं, ते शिकवीन म्या तिला."

तेवढ्यात फोन वाजला. प्रभुलिंगचा होता. घाईत होता, व्यापाऱ्याला आजच कळवायचं होतं.

"काय म्हणाली रे काकू?"

नागेशने आईकडे बघितलं. ती खाली मान घालून खडे वेचत होती.

"उजळच घ्या म्हणाली," तो म्हणाला.

"बघ. म्हातारीला कळतंय ते तुला कळंना. घेतो मग कॅमेरा."

"घे," नागेश म्हणाला. "कॅमेऱ्यात काय खोट न्हाई."